नळी काढण्याची वेळ

अतिदक्षता विभागातील वैद्याला जे निर्णय नित्य घ्यावे लागतात, त्यांत रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवण्याचा निर्णय, तो कितीही घाईचा व धास्तीचा असला तरी, मला तुलनेने सोपा वाटत आला आहे. कारण ज्याचे ओठ निळे पडले, ज्याची शुद्ध हरपू लागली, त्याच्या बाबतीत विकल्पच उरत नाही. विवेकाची खरी परीक्षा होते ती पुढे, न्यूमोनिया ओसरला, रक्तदाब औषधांवाचून टिकू लागला, आणि ज्या यंत्राने प्राण राखले तेच आता दूर करावे की आणखी एक दिवस राहू द्यावे, हा प्रश्न सकाळच्या फेरीत समोर उभा राहतो तेव्हा.

येथे प्रमाद दोन्ही बाजूंनी संभवतो. नळी अकाली काढली तर रुग्णाला रात्री-अपरात्री धाप लागते, नळी पुन्हा घालावी लागते, आणि ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवतो त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण निःसंशय अधिक असते. उलटपक्षी विलंब केला तर फुप्फुसांत नवा जंतुसंसर्ग शिरतो, गुंगीच्या औषधांनी बुद्धी भ्रमिष्ट होते, आणि श्वासपटलाचा स्नायू निष्क्रियतेने झिजतो; अवघे १८ ते ६९ तास यंत्रावर असलेल्या मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झाल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तथापि पहिला प्रमाद सर्वांच्या डोळ्यांदेखत घडतो, त्याची नोंद होते, त्याबद्दल जाब विचारला जातो. दुसऱ्याची जबाबदारी कोणाच्याच नावे पडत नाही. ‘आज राहू द्या, उद्या पाहू,’ हे वाक्य कानाला दयेचे वाटते, आणि म्हणूनच त्याच्याविषयी मी दीर्घकाळ साशंक राहिलो आहे. त्यात दया किती आणि आमची स्वतःची भीती किती, हे ज्याने त्याने मनाशी पडताळून पाहावे.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली असता ब्लेगडाम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्राचा आधार दिलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात छिद्र पाडून नळी बसविण्याचा व तीतून रबरी पिशवीने हवा भरण्याचा मार्ग दाखविला, आणि यंत्रे पुरेशी नसल्यामुळे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून ती पिशवी दाबीत राहिले. रुग्णाच्या छातीची स्वतःची पहिली क्षीण धडपड त्या तरुणांच्या बोटांना जाणवली असेल, असे मला नेहमी वाटते. आज ती यंत्राच्या पडद्यावर रेषेच्या रूपाने उमटते. परंतु रेषा वाचण्यासाठी खाटेपाशी थांबावे लागते, आणि आमच्या विभागांत तेवढी सवड दुर्मिळ असते.

शास्त्राने या बाबतीत काही निश्चित मापे दिली आहेत. यांग आणि टोबिन यांनी १९९१ साली सुचविलेला निर्देशांक साधा आहे: मिनिटातील श्वासांची संख्या भागिले प्रत्येक श्वासाचे लिटरमधील आकारमान. मिनिटाला २४ श्वास, प्रत्येकी ४०० मिलिलिटर, असा रुग्ण ६० वर येतो. १०५ च्या वर गेलेला, म्हणजे उथळ व जलद श्वास घेणारा, बहुधा टिकत नाही. परंतु माझ्या मनावर अधिक खोल ठसा उमटविला तो १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासाने. सरासरी आठवडाभर यंत्रावर असलेल्या ५४६ रुग्णांना दोन तासांपर्यंत आपल्या आपण श्वास घेऊ दिला, तेव्हा त्यांतील ४१६ जण पहिल्याच चाचणीत उत्तीर्ण झाले. चारांतील तिघांना यंत्र हळूहळू सोडविण्याची गरजच नव्हती. गरज होती ती कोणीतरी त्यांना विचारण्याची. पुढे अर्ध्या तासाची चाचणीही पुरते, असे दिसून आले.

अर्थात आकड्यांवर निवाडा सोपवून वैद्याने दूर सरावे, असे माझे म्हणणे नाही. त्या अर्ध्या तासात रुग्णाकडे पाहावे: नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ताणतात का, श्वास आत घेताना पोट वर येण्याऐवजी खपाटीला जाते का, कपाळावर घाम येतो का, डोळ्यांत भय उतरते का. शिवाय श्वास घेता येणे आणि श्वासमार्गाचे रक्षण करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; ज्याला जोराने खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्याचा निर्देशांक कितीही उत्तम असला तरी नळी काढण्याची घाई करू नये. चाचणीत जो थकला त्याला पुन्हा आधार द्यावा, कारण शोधावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. सावधगिरीचा अर्थ मी एवढाच मानतो; चाचणीच न घेणे ही सावधगिरी नव्हे.

आपल्याकडे आप्तस्वकीय दाराबाहेर बाकावर बसून असतात, दररोजचे बिल चुकवितात, आणि यंत्र काढणे म्हणजे आशा सोडणे अशा समजुतीने तो विषय काढण्यासही कचरतात. त्यांनी कचरू नये. आपले माणूस व्हेंटिलेटरवर असेल तर सकाळी डॉक्टरांना अवश्य विचारावे: आज गुंगीचे औषध थांबवून पाहिले का, आणि श्वासाची चाचणी घेतली का? घेतली नसेल तर त्याचे कारण ऐकून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.