यशवंत घाडगे आणि सेक्शनची ब्रेन गन

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने किंवा कोकण रेल्वेने दक्षिणेकडे निघाले की माणगाव लागते. नवी मुंबईतील असंख्य चाकरमानी गणपतीला याच वाटेने गावी जातात. या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. तालुक्यातील पळसगावचा हा तरुण १० जुलै १९४४ रोजी, इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, वयाच्या २२ व्या वर्षी धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही कथा बहुधा वाघाच्या झेपेसारखी सांगितली जाते. शौर्य निर्विवाद आहे; पण त्या वर्णनात मशीनगन नुसती पार्श्वभूमीला उरते. ती समजून घेतल्याशिवाय घाडगे यांनी नेमके काय केले, हे कळत नाही.

पायदळाची सर्वांत लहान तुकडी म्हणजे सेक्शन : साधारण दहा जवान आणि त्यांचा प्रमुख नाईक. तिची सारी रचना एका हलक्या मशीनगनभोवती असे. ब्रेन गनवाले जमिनीला चिकटून मारा करीत. शत्रूने डोके खाली घातले की रायफलवाले बगलेने पुढे सरकत. प्रत्येक रायफलवाल्याच्या पाऊचमध्ये ब्रेनची मॅगझिन असत. सेक्शन ब्रेनसाठी चाले, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ब्रेन मूळची चेकोस्लोव्हाकियाची. ब्रनो येथील बंदुकीची सुधारित आवृत्ती इंग्लंडमधील एनफिल्डला तयार झाली आणि दोन्ही गावांच्या आद्याक्षरांतून ‘ब्रेन’ हे नाव घडले. गंमत अशी, की भारतीय सैन्याने त्याआधीच, १९३३ मध्ये, व्हिकर्स-बर्थिए ही वेगळी मशीनगन स्वीकारली होती. ती बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बने आणि दिसायला ब्रेनची बहीणच. युद्धाच्या धबडग्यात अखेर ब्रेनच सर्वत्र पोहोचली.

तिची यंत्रणा साधी, म्हणूनच भरवशाची. गोळी नळीतून पुढे जाताना तिच्यामागील तप्त वायूचा थोडा अंश नळीखालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. त्यासरशी बोल्ट सुटून मागे येतो आणि रिकामे काडतूस खाली पडते. मग स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे रेटते. जाता जाता तो वरच्या मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत सारतो. मॅगझिन डोक्यावर असल्यामुळे नेम धरण्याची माशी डावीकडे सरकवावी लागली. मॅगझिनमध्ये गोळ्या मावत ३०, पण ती अडकू नये म्हणून भरत २८. मिनिटाला सुमारे ५०० गोळ्यांच्या वेगाने ते साडेतीन सेकंदांत रिते होई. म्हणून चार-पाच गोळ्यांच्या तुटक फैरी झाडण्याची शिस्त होती. शेजारचा ‘नंबर दोन’ मॅगझिन बदली आणि तापलेली नळी मुठीला धरून काही सेकंदांत काढून दुसरी बसवी. ही बंदूक एकट्याची कधीच नव्हती.

जर्मन पायदळाने हेच तत्त्व टोकाला नेले होते. त्यांची एमजी ४२ पट्ट्यावर चाले आणि मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या ओकी, म्हणजे सेकंदाला वीस. तिच्या आवाजात सुटी गोळी कानाला वेगळी कळतच नसे; कापड टराटरा फाडल्यासारखा एकच आवाज येई. जवळच्या अंतरावरून अशा बंदुकीच्या टप्प्यात सापडलेल्या तुकडीला आडोसा शोधायलाही अवधी मिळत नसे.

त्या दिवशी घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते एकटे सोडून सारे ठार किंवा जखमी झाले. मारा करून शत्रूला दाबून ठेवणारे, हा डावपेचाचा अर्धा भाग, त्या क्षणी संपला. उरलेला अर्धा, म्हणजे पुढे धावणे, घाडगे यांनी कोणाच्याही आधाराविना पार पाडला. त्यांनी प्रथम हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपले. तिचे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिच्याच दणक्यांनी ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला.

ब्रेनने पुढे भारतीय सैन्यात अनेक दशके काढली, ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी तिच्यात बदल झाले. इटलीतील मोंतोने गावात जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात मात्र सेक्शनमधील दुसऱ्या कोणाचेही नाव नाही. ब्रेन चालवणाऱ्याचे नाही आणि त्याच्या शेजारी पडून मॅगझिन बदलणाऱ्याचेही नाही.