एका शब्दाचं देणं

भाषांतरावर माझं पोट चालतं. कोर्टाचे निकाल, औषधांची माहितीपत्रकं, शेतीच्या पुस्तिका, जे येईल ते मी मराठीत आणते. या कामात माझ्यावर अनेकांचे उपकार आहेत. कोशकारांचे आहेत, संपादकांचे आहेत, डोळ्यांत तेल घालून मजकूर वाचणाऱ्या मुद्रितशोधकांचे आहेत. पण पहिला मान कृष्णाकाठच्या आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचा. नेमलेला अभ्यासक्रम सांभाळून त्यांनी आम्हाला वर्षभर एकच शब्द शिकवला. तो शब्द म्हणजे 'सेट'.

आमची पिढी पाचवीत इंग्रजी मुळाक्षरं गिरवणारी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द लिहायचा, उजवीकडे मराठी अर्थ, आणि घोकायचं. एका शब्दाला एक अर्थ, असा आमचा पक्का समज. धड्यात तोच शब्द दुसऱ्या अर्थाने आला की आम्ही हबकायचो. आपल्याला इंग्रजी येणार नाही, ही भीती तिथूनच घर करायची.

आठवीत बाई आल्या. इंग्रजीच्या तासाला त्यांनी फळ्यावर पहिला शब्द लिहिला तो मराठी: लागणे. "सांगा, काय काय लागतं?" वर्ग नुसता उसळला. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, झाडाला फळ लागतं, लेकराला लळा लागतो. एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी मावशी लागते." फळा भरला. बाईंनी विचारलं, "हे सगळं कुणी तुमच्याकडून पाठ करून घेतलं होतं?" आम्ही माना हलवल्या. "मग इंग्रज पोरांकडूनही त्यांचे शब्द कुणी पाठ करून घेत नाही. अर्थ वाक्यात असतो, पोरांनो. ज्याला 'लागणे' येतं, त्याला काहीही येईल." आणि त्याखाली त्यांनी 'सेट' लिहिला.

मग गावात जिथे जिथे हा शब्द भेटेल तिथून तो आणायचा, असं काम लागलं. कुणी रेडिओ सेट आणला, कुणी कपबशांचा. कंपासपेटीतल्या गुण्याचं इंग्रजी नाव सेट स्क्वेअर निघालं. गवंडीकाम करणाऱ्याच्या मुलाने सांगितलं की सिमेंट सेट होतं. कुणाचा भाऊ व्हॉलीबॉल खेळायचा, त्याने तीन सेटचा सामना आणला. उसाच्या लागणीचं बेणं म्हणून तोडलेल्या टिपरीलाही शेतकी इंग्रजीत सेटच म्हणतात, फक्त स्पेलिंगला शेवटी एक 'टी' जास्त, हे एका शेतकऱ्याच्या मुलीने माहितीपत्रकात शोधून काढलं. त्या दिवशी बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावून स्वतःच्या हाताने तो शब्द लिहायला लावला. आपल्या बापाच्या शेतातली वस्तू इंग्रजीच्या तासाला फळ्यावर येऊ शकते, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

गोळा झालेल्या वाक्यांची बाईंनी मांडणी केली ती मराठी क्रियापदांच्या आधाराने. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, गाण्याला चाल लावणे: इंग्रजीत चारही ठिकाणी सेट. निखळलेलं हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे: तिथेही सेट. तारीख ठरवणे, कित्ता घालून देणे, पंगतीआधी पानं मांडणे, सगळीकडे सेट. सूर्य मात्र मावळतो, त्याला कुणी बसवत नाही, तरी शब्द तोच. मग त्यांनी शेपटासारखी छोटी अव्ययं जोडून दाखवली. 'इन' जोडलं की पावसाळा लागतो, 'आउट' जोडलं की माणूस प्रवासाला निघतो, 'अप' जोडलं की दुकान उभं राहतं. आम्ही म्हणायचो, "बाई, शब्द एकच, मग एवढा कसा बदलतो?" त्या म्हणायच्या, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." शब्द शेजाऱ्याचा गुण घेतो, म्हणून आधी शेजारी पाहा.

पुढे शहरात शिकायला आले तेव्हा ग्रंथालयात ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे वीस खंड पाहिले. १९८९ची ती दुसरी आवृत्ती. हात आपोआप 'सेट'कडे गेला. सबंध कोशातली सर्वांत लांब नोंद तीच होती. एकट्या क्रियापदाचे चारशे तीसहून अधिक अर्थ, त्यांना सुमारे साठ हजार शब्दांचा विस्तार. पुढे २०११च्या सुमाराला सुधारलेल्या नोंदीत 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं. पान उलटताना मला दडपण आलं नाही. ओळखीच्या वाड्यात शिरावं तशी मी त्या नोंदीत शिरले. हे बाईंचं देणं.

त्याच वाचनात शब्दाचं कुळ कळलं. 'सिट' म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसवणे. मराठीत बसणे-बसवणे आहे, तसंच. त्यांचं मूळ आणि संस्कृतातला 'सद्' धातू एकाच घराण्यातले. सदन, संसद, उपनिषद हे शब्द त्याच धातूचे. संच या अर्थाचा 'सेट' मात्र दुसऱ्या वाटेने, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला, आणि उच्चार जुळल्यामुळे दोघे एका छपराखाली नांदू लागले. बाईंनी 'बसवणे' या शब्दापाशी आम्हाला इतका वेळ का थांबवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. व्युत्पत्ती त्यांनी सांगितली नव्हती, पण मराठीच्या कानाने त्यांनी ती नेमकी ऐकली होती. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात मी 'लागणें' काढून पाहिलं, तर तीही नोंद ऐसपैस पसरलेली. आठवीच्या वर्गात फळ्यावर भरलेला शब्द तिथे इंग्रजीतून समजावला होता.

आज कामात हा धडा रोज वापरावा लागतो. उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचा आदेश 'सेट असाइड' केला, तर तो रद्द झाला. एखाद्या बाईने मुलीच्या शिक्षणासाठी पैसे 'सेट असाइड' केले, तर ते जपून बाजूला काढून ठेवले. दोन्हीकडे शब्द तेच, आणि एकाचा अर्थ दुसरीकडे लावला तर कुणाचा तरी खटला किंवा कुणाची तरी पुंजी धोक्यात येते. हिशेबात 'सेट ऑफ' आलं की येणं-देणं परस्पर वळतं करायचं. डाळिंबाच्या पुस्तिकेत 'सेट' आलं की फळधारणा म्हणायचं, आणि ते वाचणारा बागायतदार स्वतः 'सेटिंग झाली' म्हणतो, हेही ध्यानात ठेवायचं. भाषांतर चोख हवं, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. ही जाणीवही बाईंचीच. शेतकऱ्याच्या मुलीला फळ्यापाशी बोलावताना त्यांनी ती आम्हाला दिली.

आता भाषांतर शिकायला काही मुलंमुली माझ्याकडे येतात. बरीचशी मराठी शाळांतून आलेली, इंग्रजीपुढे खांदे पाडून बसणारी. त्यांना मी इंग्रजी कोश लगेच उघडू देत नाही. आधी मराठीत वाक्यं लिहायला लावते: पडणे, धरणे, मारणे, सुटणे. पान भरलं की त्यांचे चेहरे बदलतात. आपल्यापाशी केवढी संपत्ती आहे, ते त्यांना दिसतं. मग इंग्रजी शब्दाचे पन्नास अर्थ समोर आले तरी ती मुलं मागे सरत नाहीत. बाईंच्या ऋणातून मला उतराई व्हायचं नाही. ते चालू राहावं म्हणून मी शिकवते, आणि माझ्या हाताखालचं प्रत्येक मूल पुढे आणखी कुणाला तरी 'काय काय लागतं' असं विचारील, याची मला खात्री आहे.