जड चाक

२०२२ सालच्या नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान उरकून मी अंगणात आलो, तो आमची ही रांगोळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी. रांगोळीपासून हातभर अंतरावर लाल ठिपक्यांची एक वेडीवाकडी ओळ उमटली होती.

"रंग भरायला बसला होतात की काय?" हिने विचारले.

बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या चित्रकलेविषयी हिला असा संशय कधी आला नव्हता. मी पणती घेऊन वाकलो. ठिपक्याला बोट लावले, तर ते चिकट लागले. नाकाशी नेले, तर तेलाचा वास. ठिपक्यांची ओळ सरळ आमच्या मोटारीच्या नाकाखाली जात होती. सणाच्या दिवशी रांगोळी घालायची हुक्की आमच्या मोटारीलाच आली होती.

ही मोटार १९९८ सालची. मी ती २००६ साली दुसऱ्याकडून घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. पंचवीस वर्षांनी कोणाचेही सांधे गळू लागतात, त्यात जन्मदात्याचा काय दोष? तिला पॉवर स्टिअरिंग होते आणि गळत होते ते त्याचेच लाल तेल.

आमच्या कोल्हापुरात मोटार बिघडली की उद्यमनगरात जायचे, हा रिवाज आहे. भाऊबीज झाल्यावर मी तिथल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली पडून पाहणी केली आणि निदान सांगितले. पंपाकडून निघणारा जोराचा पाइप फुटायला आला होता, पंपाचे सील गेले होते आणि रॅकचेही जायच्या बेतात होते. सगळे नीट करायचे तर साडेआठ हजार रुपये. मी आकडा ऐकला आणि माझ्यातला निवृत्त शिक्षक जागा झाला.

"मिस्त्री, ही भानगडच काढून टाकली तर? आम्ही फियाट चालवली, तिला कुठे पंप होता?"

इथे वाचकांना या भानगडीची थोडी ओळख करून दिली पाहिजे. इंजिन एका पट्ट्याने छोटा पंप फिरवते. पंप तेल जोराने रॅककडे ढकलतो. रॅक म्हणजे पुढची चाके डावी-उजवीकडे ढकलणारा दातेरी दांडा. त्याच्या नळकांड्यात एक दट्ट्या असतो. आपण स्टिअरिंग फिरवले की आतली एक बारीक पोलादी सळई किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने झडपेची वाट उघडते, तेल दट्ट्याच्या एका बाजूला धावते आणि आपल्या हाताच्या जोरात आपला जोर मिसळते. हात विचारतो आणि तेल उत्तर देते, इतकेच. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली ही युक्ती मोटारीवर चालवून दाखवली. पुढे महायुद्धात लष्कराच्या अवजड गाड्यांना ती लाभली. पण साध्या गिऱ्हाइकाला विकायच्या मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडले. क्रायस्लर कंपनीची इंपीरियल ही ती पहिली मोटार. म्हणजे माणसाचे मनगट हलके व्हायला पाव शतक वाट पाहावी लागली आणि मी ते एका दुपारी पुन्हा जड करायला निघालो होतो.

माझी योजना सोपी होती. पंप काढायचा आणि रॅकच्या दोन्ही तोंडांना बूच मारायचे. मिस्त्री हसले.

"सर, शाळेत काय शिकवायचा तुम्ही?"

"भौतिकशास्त्र."

"मग पिचकारीचं तोंड अंगठ्यानं दाबा आणि दट्ट्या ढकलून दाखवा बघू. आतलं तेल जाणार कुठं? चाक वळंलच कसं?"

तीस वर्षे मी मुलांना पास्कलचा नियम शिकवला होता. तो मला एका सातवी पास माणसाने गाडीखालून शिकवला. मग मिस्त्रींनीच रस्ता काढला. दोन्ही तोंडे एका नळीने एकमेकांना जोडायची, म्हणजे दट्ट्या हलला की उरलेसुरले तेल या बाजूचे त्या बाजूला जाईल. पंपाचा पट्टाही जाणार होता. सगळे मिळून नऊशे रुपये! मी मनातल्या मनात साडेआठ हजारांतून नऊशे वजा केले आणि सात हजार सहाशे रुपये कमावल्याच्या आनंदात होकार दिला.

मिस्त्री पान्हा हातात घेऊन थांबले. "म्याडम चालवत्यात न्हवं गाडी? त्यांना झेपंल का?"

"झेपेल की!" मी म्हणालो.

त्या दोन शब्दांचा हिशेब पुढे लागायचा होता.

काढलेला पंप मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला. गाडी घेऊन निघालो तेव्हा उद्यमनगरच्या बोळातून वळताना दम लागला, हे खरे. गाडी उभी असताना चाक वळवायचे म्हणजे रबर जागच्या जागी रस्त्यावर घासायचे. ती ताकद मोठी लागते. पण गाडी जरा सरकती ठेवून वळवले की चाक बरेच हलके होते, ही फियाटच्या जमान्यातली युक्ती मला आठवली. सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर तर फरक कळेनासाच झाला. मी खूश झालो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड दाखवू लागलो. 'मदतीची सवय माणसाला पंगू करते' या विषयावर मी त्या महिन्यात निदान चार जणांना व्याख्यान दिले. त्यांतले दोघे चहा न घेताच गेले.

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. फियाटचे स्टिअरिंग मोठे होते आणि चाके पूर्ण वळवायला ते पुष्कळ वेळा फिरवावे लागे. तिची घडणच हाताच्या ताकदीचा विचार करून झालेली होती. आमची मोटार पंपाची सोबत धरून घडवलेली. थोड्या फेऱ्यांत पुरे वळायचे, बाकीचे तेल पाहून घेईल, असा तिचा बेत. आणि ती पिळणारी सळई अजून आतच होती. चाकाने वळण्याआधी ती आपली किंचित पिळली जाई. हात विचारत होता, पण उत्तर द्यायला आता कोणी नव्हते.

दुसरी विसरलेली गोष्ट अधिक महत्त्वाची. आमची ही मोटार शिकली ती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आणि याच मोटारीवर. त्याआधी फियाटवर दोनदा प्रयत्न करून तिने नाद सोडला होता. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदाही धरला होता. केस विंचरायला हात वर जात नसे. तरी दर गुरुवारी ती गाडी घेऊन पन्हाळ्याला जाई. तिथे माझ्या सासूबाई एकट्या राहत. वय पंच्याऐंशी, गुडघे पार गेलेले, पण 'गड सोडून खाली येणार नाही' हा हट्ट शाबूत.

कार्तिकातल्या एका गुरुवारी ही गाडीने गेली आणि संध्याकाळी परत आली. चहा करताना म्हणाली, "पुढच्या वेळेपासून एस. टी.नेच जाईन म्हणते. घाटात डोळ्यांवर ताण येतो." मी वर्तमानपत्रातून मान वर न करता "बरं" म्हणालो. पुढे मार्च २०२३ मध्ये एस. टी.ने बायकांना अर्धे तिकीट केले, तेव्हा तर मी तिच्या दूरदृष्टीचे कौतुकही केले. दर गुरुवारचे जाणे पंधरा दिवसांवर गेले, मग तीन आठवड्यांवर. एस. टी.च्या गर्दीत, धरलेल्या खांद्याने दांडी पकडून उभे राहायचे म्हणजे काय, हे माझ्या मनात आले नाही. गाडी दारात उभी होती, अंगण कोरडे होते आणि मी सात हजार सहाशे रुपयांचा धनी होतो.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना! जुलैच्या धुवाधार पावसाने जरा उघडीप दिल्यावर सासूबाईंचे बोलावणे आले. जावयाला अनारशांचे वाण द्यायचे होते. मी आणि ही गाडीने गेलो. चालवली अर्थात मी. पन्हाळ्याच्या चढावर एका आवळ वळणाला गाडीचा वेग मंदावला. चाक पुरे फिरवायचे, चढावर गाडी धरायची, मागे भोंगा वाजतोय. माझ्यासारख्या दंड दाखवणाऱ्याचेही कपाळ घामाने भिजले. ही खिडकीबाहेर पाहत होती. काही बोलली नाही.

तेहेतीस अनारसे चांदीच्या ताटात मांडलेले. शेजारणीकडून करून घेतले होते; पण वर दिवा सासूबाईंनी थरथरत्या हाताने स्वतः लावला. ही स्वयंपाकघरात गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या,

"जावईबापू, एक सांगायचं होतं. तिला म्हणावं, एस. टी.त उभी राहून येत जाऊ नकोस. महिन्यानं आली तरी चालेल मला."

"तिला आवडतं एस. टी.नं," मी म्हणालो.

"असेल," त्या म्हणाल्या. थोडा वेळ गप्प राहिल्या. "गाडी आणायची तेव्हा मला तेवढं पुसाटी बुरुजापर्यंत नेऊन आणायची. मी काही उतरत नसे. काचेतनंच मावळतीचा सूर्य बघायची आणि यायची. तेवढंच बाहेर. आता डोळ्यांवर ताण येतो म्हणते, तर कुठं..."

अनारसा माझ्या हातात तसाच राहिला. या घराच्या चार भिंतींबाहेर त्या बाईचा तो एकच रस्ता होता आणि तो मी नळी लावून बंद केला होता. मला त्या कधी नेऊन आण म्हणाल्या नसत्या. जावयाला कसे सांगायचे?

परतताना वाघबीळ मागे पडेपर्यंत मी बोललो नाही. मग विचारले, "चाक जड जातं म्हणून सोडलंस ना?"

"पहिल्याच दिवशी वळणावर गाडी आडवी राहिली," ही म्हणाली. "मागे एस. टी. थांबलेली. तिचा ड्रायव्हर उतरला, त्यानं गाडी वळवून दिली. काही बोलला नाही बिचारा."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही चाक कसं चालतंय ते चार माणसांना सांगितलंत. मला विचारलं कधी?"

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून पंप काढला. मोटार वाहन कायद्यातले बावन्नावे कलम मूळ रचनेत असले मनमानी बदल करू देत नाही, हेही मला त्याच सुमारास आठवले. सुचायचे तेव्हा काहीच सुचत नाही. मिस्त्रींनी पंपाची आणि रॅकची सीले बदलली. जेसीबी आणि ट्रॅक्टरचे पाइप करून देणारे एक दुकान जवळच आहे, तिथून मापाचा नवा पाइप दाबून आणला. पुढची चाके उचलून, लाल तेल भरून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पुनःपुन्हा फिरवून आतली हवा काढली. खर्च नऊ हजार दोनशे. नऊशे आधीचे. मिस्त्रींनी "सांगितलं हुतं न्हवं?" असे म्हटले नाही, एवढे त्यांचे मोठेपण.

घरी आल्यावर मला एक सुंदर उपमा सुचली. संसाराचे चाक मी फिरवतो असे मला वाटते, पण आत जोर लावणारे दुसरेच कोणी असते, वगैरे. मी ती हिला ऐकवली.

"मला पंप म्हणू नका," ही म्हणाली. "आणि किल्ली द्या. आज गुरुवार आहे."

त्या दिवशी मी मागच्या सीटवर बसलो. पुढे मायलेकी. वळणावर हिने चाक फिरवले ते ताक घुसळावे इतक्या सहज. पुसाटी बुरुजाजवळ गाडी उभी राहिली. पश्चिमेला ढग होते, सूर्य काही दिसला नाही. तरी सासूबाई अर्धा तास काचेतून पाहत होत्या आणि लेकीला कुठल्या कुठल्या गोष्टी सांगत होत्या. मला त्यांतली एकही ठाऊक नव्हती.

सासूबाई पुढच्या माघात गेल्या. मधल्या काळात त्यांना पंचवीसएक गुरुवार मिळाले. त्याआधीचे चाळीसेक गुरुवार मी सात हजार सहाशे रुपयांना विकले होते. हा हिशेब मी कधी मोठ्याने मांडला नाही, हिनेही मांडला नाही. भौतिकशास्त्राच्या मास्तराला वजाबाकी येते.

आता दर दिवाळीला रांगोळी घालण्यापूर्वी मी पणती घेऊन मोटारीखाली वाकतो. पाठ दुखते, पण वाकतो. मग उठून हिला सांगतो, "अंगण कोरडं आहे. घाल रांगोळी." आणि अलीकडे त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली आहे.

"खांदा कसा आहे गं?"