तुम्ही कोणाकडचे?

तत्त्वज्ञान शिकविणाराला एक मोठी सोय असते. जे प्रश्न इतरांना आयुष्यांत एकदांच, आणि तेंही अवेळीं, गांठतात ते त्याला दरसाल नेमून दिलेल्या तासाला भेटतात, आणि घंटा झाली कीं निघून जातात. गेलीं सत्तावीस वर्षें मी विद्यार्थ्यांपुढें नागसेनाचा रथ असाच तासाच्या मापानें मोडीत आलों आहें.

रथाची ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतला यवन राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथांतला मिलिंद, भिक्षु नागसेनाला त्याचें नांव विचारतो. नागसेन नांव सांगतो, पण तें केवळ व्यवहाराचें असून त्याखालीं कोणी स्वतंत्र पुरुष सांपडावयाचा नाहीं, असेंही सांगतो. राजा हें मान्य करीना, तेव्हां तो राजाच्याच रथाकडे वळतो. दांडी म्हणजे रथ काय? आंस? चाकें? कीं हें सारें काढून टाकल्यावर जें उरेल तें? अखेर राजाला कबूल करावें लागतें कीं, या अंगांच्या आधारानेंच आपण 'रथ' हा शब्द वापरतों. माणसाचेंही तसेंच. बौद्धांनीं त्याचे पांच स्कंध सांगितले आहेत : रूप म्हणजे देह, वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव, संज्ञा म्हणजे ओळख, संस्कार म्हणजे मनाला पडलेलीं वळणें, आणि विज्ञान म्हणजे भान. यांचा धनी म्हणून आंत बसलेला सहावा कोणी नाहीं. इतकें फळ्यावर लिहून मी हात झटकीं आणि घरीं येईं. घरीं आई दार उघडी. ती आहे, याबद्दल मला कधीं शंका आली नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं, ती एक्याऐंशी वर्षांची असतां, एका संध्याकाळीं तिनें दार उघडलें, मला क्षणभर न्याहाळलें आणि विचारलें, "तुम्ही कोणाकडचे?" मला ती थट्टा वाटली, मी हंसलों. ती हंसली नाहीं. बाजूला सरून म्हणाली, "बसा ना. हे येतीलच इतक्यांत. मी चहा टाकतें." हे, म्हणजे माझे वडील, जाऊन त्या वेळीं अकरा वर्षें झालीं होतीं.

डॉक्टरांनीं स्मृतिभ्रंशाचें निदान केलें. हा रोग मागें फिरत नाहीं, हेंही सांगितलें. तेव्हांपासून अस्तित्वाच्या प्रश्नावर आमच्या घरांत दोन पक्ष पडले. माझी धाकटी बहीण नागपुरास असते. लागोपाठ दोन भेटींत आईनें तिला ओळखलें नाहीं, आणि तिचें येणें थांबलें. फोनवर ती म्हणाली, "दादा, आपली आई गेली रे. आतां आहे ती कोणी दुसरीच बाई. मी येऊन भेटूं तरी कोणाला?" मला हें ऐकवेना. माझा पक्ष नेमका उलट होता. आई आंत कोठें तरी पूर्वीसारखीच बसलेली आहे, फक्त दार अडकलें आहे, तें ठोठावीत राहिलें पाहिजे, असें मी धरून चाललों होतों. रोज सकाळीं मी तिच्यापुढें जुनीं छायाचित्रें मांडीं आणि परीक्षा घेईं. "हा कोण? आठव ना, आई." ती चुकीचें नांव घेई, माझी मान निराशेनें हलली कीं ती अपराध्यासारखी पदराशीं चाळा करूं लागे. एके दिवशीं ती रडली. काय चुकलें हें तिला कळत नव्हतें. आपलें कांहीं तरी चुकलें, एवढेंच कळत होतें.

त्याच आठवड्यांत मला वर्गांत संयुत्तनिकायांतलें कच्चानगोत्तसुत्त शिकवावयाचें होतें. सुत्त लहानसें आहे. जगाचा कल बहुधा 'आहे' किंवा 'नाहीं' या दोन टोकांकडे असतो. बुद्ध दोन्ही टाळून मधल्या मार्गानें बोलतात, आणि तो मार्ग म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद. जें आहे तें कारणांच्या आधारानें आहे, आणि कारणें सरलीं कीं तेंही सरतें. पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास नागार्जुनानें मूलमध्यमककारिकेच्या पंधराव्या प्रकरणांत याच उपदेशाचा नांवानिशीं आधार घेतला. 'आहे' असें ठासून म्हणणारा शाश्वताला कवटाळतो, आणि 'नाहीं' म्हणणारा उच्छेदांत पडतो, असा त्याचा निष्कर्ष. फळ्यावर 'शाश्वत' आणि 'उच्छेद' हे शब्द लिहितांना माझा हात थबकला. एका शब्दाखालीं मी उभा होतों, दुसऱ्याखालीं माझी बहीण.

आम्हां दोघांची चूक एकच होती. आई ही कोणी अखंड वस्तु, ती असेल तर सगळी असेल, नाहीं तर मुळींच नसेल, हें दोघांनींही गृहीत धरलें होतें. मग जो रथ मी इतकीं वर्षें कोरड्या मनानें मोडला, तो घरीं बसून पुन्हां पाहिला. संज्ञा, म्हणजे ओळख, ढांसळली होती खरी. पण वेदना शाबूत होती. आवाज चढला कीं ती दुखावे, सकाळचें ऊन पायांवर आलें कीं सुखावे. आणि संस्कार तर जागचे हललेही नव्हते. ज्याला ती ओळखत नव्हती, त्यालाही तिनें दारांत उभें ठेवलें नव्हतें. बौद्धांचा 'संस्कार' हा शब्द आपल्या घरगुती संस्कारांहून व्यापक आहे, त्यांत बरींवाईट सर्व वळणें येतात. माझ्या आईपुरते मात्र दोन्ही अर्थ एकच निघाले.

आणखीही एक गोष्ट उमगली. जें कारणांच्या आधारानें उभें असतें, त्याच्या कारणांत आपलीही गणना होऊं शकते. छायाचित्रें कपाटांत गेलीं. आतां माहेरच्या विहिरीची गोष्ट ती अर्ध्यावर सोडते, ती मी पुरी करतों. शंभरदां ऐकलेली आहे. "तुम्ही कोणाकडचे?" असें तिनें विचारलें कीं मी म्हणतों, "मी इथलाच." तेवढें तिला पुरतें.

यानें दुःख सरलें असें मी म्हणणार नाहीं. अनात्मवाद आसक्ति सुटावी म्हणून सांगितला गेला. मी तो आसक्ति सांभाळण्यासाठीं वापरला, असें एखादा भिक्षु म्हणेल, तर मला तें खोडतां येणार नाहीं. रात्रीं ती आपल्या आईला हांका मारूं लागते, तेव्हां पांच स्कंधांची यादी माझ्या कांहीं कामीं येत नाहीं.

एक कथा मात्र मी पूर्वीं नीट शिकवीत नसें. वच्छगोत्त नांवाच्या परिव्राजकानें बुद्धांना विचारलें, आत्मा आहे का? ते गप्प राहिले. मग नाहीं का? पुन्हां गप्प राहिले. तो उठून गेल्यावर आनंदानें कारण विचारलें. होय म्हणावें तर शाश्वतवाद्यांना दुजोरा मिळतो, नाहीं म्हणावें तर उच्छेदवाद्यांना. शिवाय आधींच गोंधळलेला तो माणूस अधिकच गोंधळला असता, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हें मौन मी वादांतला डाव म्हणून सांगत असें. त्यांत विचारणाऱ्याविषयींची दया होती, हें मला उशिरां कळलें.

गेल्या भाऊबीजेला, माझ्या आग्रहावरून, बहीण आली. आईनें विचारलें, "तुम्ही कोणाकडच्या?" बहीण कांहीं न बोलतां तिच्या पायांशीं बसली. थोड्या वेळानें आईचा हात तिच्या केसांकडे गेला. निम्मे पिकलेले ते केस तिनें बोटांनीं विंचरले, तीन पेड वेगळे केले आणि घट्ट वेणी घातली. टोक चिमटींत धरून म्हणाली, "रिबीन कुठं ग ठेवलीस?"

रात्रीं स्टेशनावर बहिणीनें मला विचारलें, "दादा, तिनं मला ओळखलं का रे?"

मी गप्प राहिलों. तिनेंही पुन्हां विचारलें नाहीं. गाडी सुटतांना एवढेंच म्हणाली, "पुढल्या महिन्यांत येतें."