गिल्टी म्हणा, अवधाण म्हणा

पायाची ठेच पिकली की जांघेत गाठ येते. आमच्या घोडपदेवच्या चाळीत मराठी शेजारीण तिला अवधाण म्हणते, आमच्या घरी गिल्टी म्हणतात. शब्द दोन, भीती एकच. या शहराने त्या गाठीची दहशत पाहिली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गाठ दिसली की रोग्याला उचलून नेत, म्हणून लोक गाठ लपवू लागले.

१० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना ती दिली गेली. लसीविषयी अफवा पसरत असताना तरुण आगाखान तिसरे यांनी ती सर्वांसमोर टोचून घेतली, आणि खोजा जमातीतले हजारो लोक पुढे आले.

गाठ फुगते का, हे आता बरेच उलगडले आहे. जखमेतल्या जंतूची खबर घेऊन राखणदार पेशी लसिकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत पोचतात. तिथून रासायनिक निरोप सुटतात आणि रक्तातल्या लिंफोसाइट पेशी ग्रंथीत शिरू लागतात. एरव्ही त्या काही तास थांबून निघून जातात. एस-वन-पी नावाचे रसायन त्यांना बाहेरची वाट दाखवते. दाह सुरू झाला की पेशींना त्याची हाक काही दिवस ऐकूच येत नाही. वर्गात आम्ही सांगतो, मुले आत येतच आहेत, पण सुटीची घंटा कुणाला ऐकू येत नाही. मग शाळा भरणारच! प्लेगचा जंतू मात्र याच व्यवस्थेचा फायदा घेतो. राखणदार पेशींच्या पोटात बसून, एस-वन-पीच्याच वाटेने तो एका गाठीतून दुसरीत जातो, असे २०१४ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले.

प्लेगचे दिवस गेले, गाठ लपवणे गेले नाही. आमच्या आठवीतली एक मुलगी भर उन्हाळ्यातही मानेला ओढणी लपेटून बसे. गाठ दुखत नव्हती, पण महिना झाला तरी उतरत नव्हती. आई म्हणाली, "टीचर, किसी को बोलना मत. कल को रिश्ता कौन लाएगा?" आम्ही दोघींसोबत दवाखान्यात गेलो. सुईने तपासणी झाली. गाठीचा टीबी निघाला. फुफ्फुसे साफ होती, त्यामुळे तिच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती नव्हती. सहा महिन्यांच्या गोळ्या मोफत सुरू झाल्या.

दुसऱ्या महिन्यात गाठ वाढली, शेजारी आणखी एक आली. आईने गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. आम्ही पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासून समजावले, "जंतू मरताहेत. त्यांच्या अवशेषांवर शरीराची फौज तुटून पडली आहे, म्हणून ही सूज. पुष्कळांना असे होते. गोळ्या सोडू नका." आई बराच वेळ गप्प बसली. मग तिने कपाटातल्या गोळ्या काढल्या.

सहा महिने पूर्ण झाले. गाठ विरली, मुलगी नववीत गेली.

आमच्या बहिणींना एवढेच सांगणे आहे. मुलीच्या मानेवरची गाठ दोन आठवड्यांत उतरली नाही तर तिला दवाखान्यात न्या. गोळ्या चालू असताना सूज वाढली, तर आधी डॉक्टरांना विचारा. मनाने औषध तोडू नका.