मुश्तरी म्हणजेच गुरू

आमच्या उर्दू शाळेची सहल चंद्रपूरहून नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात गेली होती. १९९२ साली सुरू झालेलं हे केंद्र मी बी.एड.ला असताना पाहिलं होतं. मुलं मात्र पहिल्यांदाच आली होती.

निरनिराळ्या ग्रहांवरचं वजन दाखवणाऱ्या काट्यापुढं रांग लागली. सातवीतली एक मुलगी चढली. पृथ्वीवर २८ किलो. "आता गुरूचं बटण दाब," मी म्हणाले. ती पाट्यांकडे नुसती बघत राहिली. मागं दुसऱ्या शाळेची मुलं हसली. मीही चिडले, "एवढं शिकवलं, ते गेलं कुठं?"

ती हळूच म्हणाली, "बाजी, ये गुरू कौन है?"

मी वरमले. "मुश्तरी, बेटा."

मग ती थांबेचना. मुश्तरी पृथ्वीच्या अकरा पट रुंद, जुहलभोवती बर्फाची कडी! आकडा उमटला ७१. तिनं मोडक्या मराठीत विचारलं, "पण मुश्तरीवर जमीनच नाही, सगळा वायू. मग उभं राहायचं कुठं?" हसणारी मुलं गप्प होऊन ऐकू लागली.

बी.एड.च्या वर्गात मराठी परिभाषा अडली, की मीही अशीच गप्प बसायची. तेव्हा मला 'ढ' ठरवलं गेलं होतं. आज मी तिला तेच ठरवायला निघाले होते.

आता फळ्यावर मी दोन्ही नावं लिहिते. मुश्तरी, गुरू. जुहल, शनी. दहावीनंतर माझ्या मुलांना मराठी वर्गांतही बसायचं आहे.