तीन नाद

आमच्या घरात माझ्या कानांविषयी दोन मते आहेत. सौ.चे म्हणणे असे, की मला ऐकू येत नाही. माझे म्हणणे असे, की हल्ली माणसे पुटपुटतात. दोन्ही पक्षांकडे पुरावा भरपूर. त्यामुळे तीन-चार वर्षे खटला नुसता तारखांवर चालला होता. तो यंदाच्या नव्हे, 2025च्या पावसाळ्यात कसा निकाली निघाला, ते सांगायचे आहे. पण त्याआधी माझ्या तीन नादांची ओळख करून द्यायला हवी.

निवृत्त माणसाने काय करावे, हे समाजाने ठरवून ठेवलेले आहे. सकाळी फिरायला जावे, दुपारी वर्तमानपत्रातल्या चुका काढाव्यात, संध्याकाळी कट्ट्यावर बसून देश चालवावा. मला यातले एकही साधले नाही. मला लागले ते तीन नाद, आणि तिन्ही असे, की कट्ट्यावर त्यांचा उच्चार करायची सोय नाही: एक व्हिडिओ गेम, एका जादूगाराची कादंबरी आणि गच्चीवरच्या दोन नळ्या. ज्याच्यामागे माणूस खुळावतो तोही नाद आणि कानावर पडतो तोही नादच, असे आपल्या भाषेने ठरवले आहे. माझी सारी नोकरी या दुसऱ्या नादावर झाली. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे मी लाइनीतले दोष शोधत होतो. मोजायला यंत्रे होतीच. पण रिसीव्हर कानाला लावून, नुसत्या खरखरीवरून, केबलमध्ये पाणी शिरले आहे की कुठे जोड सैल झाला आहे, हे मी सांगत असे. खांबावर चढणारी पोरे म्हणत, "मीटर राहू दे, साहेबांचा कान आणा." एवढ्या भांडवलावर घरी आलेल्या माणसाला बायकोने बहिरा म्हणावे, हे त्याच्या मनाला किती लागत असेल याची कल्पना करा.

गेमचा नाद भाच्याने लावला. "मामा, यात कुणाला मारायचं नाही," एवढ्या आश्वासनावर मी बसलो. 'आउटर वाइल्ड्स' हे त्याचे नाव. 2019 साली निघाला. लाकडी फळ्या ठोकून केल्यासारखे एक अंतराळयान आपल्याला मिळते. सगळी सूर्यमाला हिंडायला मोकळी. पण बावीस मिनिटे झाली, की सूर्याचा स्फोट होतो, आपण मरतो, आणि पुन्हा त्याच शेकोटीपाशी डोळे उघडतो. पैसा, शस्त्र, पदवी, काहीही बरोबर येत नाही. मागल्या फेरीत जे कळले तेवढेच उरते. चांदोबातला वेताळ पुन:पुन्हा झाडाला लोंबकळतो, त्याची मला आठवण झाली. पहिल्या आठवड्यात मी इतक्या वेळा मेलो, की सौ.ने विचारणे सोडून दिले.

या खेळात एक उपकरण आहे. ते आकाशाकडे रोखले, की दूरदूरच्या ग्रहांवर एकेकटे बसलेले आपले सोबती काय वाजवताहेत ते ऐकू येते. कुणी बँजो, कुणी बासरी, कुणी ढोल, कुणी हार्मोनिका. जवळ गेल्यावर प्रत्येकाचे वाद्य वेगळे; पण लांबून, सगळे एका रोखात आले, की ती एकच चाल असते. जवळच्या चंद्रावर एक वृद्ध प्रवासी बसलेला असतो. तो शीळ घालतो.

"मामा, ती शीळ काय सुरेख आहे ना?" भाच्याने विचारले.

"वा!" मी म्हणालो.

मला शीळ ऐकू आली नव्हती. बँजो, ढोल, सारे आले होते. चंद्रापाशी मात्र मी कितीदा जाऊन उपकरण रोखले, तरी कुणी तरी भिंतीपलीकडे श्वास टाकावा तेवढेच कळे. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. खटल्यात आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच दाखल करावा, असा काही कायदा नाही.

तिसरा नाद मात्र माझा मी शोधला. बोटाएवढी एक डबी मिळते. मुळात ती संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी केलेली. 2012च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले, की तिच्याकडून वाटेल तो रेडिओ ऐकून घेता येतो. तेव्हा अमेरिकेचे 'नोआ' मालिकेतले तीन जुने हवामान-उपग्रह आपल्या डोक्यावरून जात असत: पंधरा, अठरा आणि एकोणीस क्रमांकाचे. जमिनीपासून सुमारे आठशे किलोमीटर वर, शंभरेक मिनिटांत पृथ्वीला एक फेरी. जाता जाता खालचे चित्र ते 137 मेगाहर्ट्झच्या आसपास मोकळेपणी सोडत जात, ज्याला हवे त्याने घ्यावे. मी अडगळीतल्या टीव्ही अँटेनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या काढल्या, त्रेपन्न-चोपन्न सेंटिमीटरचे दोन तुकडे केले, एकशेवीस अंशांचा कोन साधून ते लाकडी पट्टीवर बसवले, आणि वायर जोडली. खर्च म्हणाल तर डबी सोडून काही नाही.

आणि काय सांगू, आकाश बोलू लागले! चित्र येत असे ते आवाजातून. एक सलग सूर, सेकंदाला 2400 कंपनांचा. तो जिथे मोठा होई तिथे पांढरा ठिपका, जिथे बारीक होई तिथे काळा. सेकंदाला दोन ओळी, म्हणून त्या सुरावर घड्याळासारखी टिकटिक चाले. उपग्रह क्षितिजावर आला, की आधी नुसती खरखर, मग खरखरीतून सूर वर येई, दहा-बारा मिनिटे भरात राही, आणि पुन्हा खरखरीत बुडे. तो आवाज संगणकाला दिला, की ओळीमागून ओळ उतरत किनारपट्टी दिसू लागे. खाली श्रीलंकेचा थेंब, आणि अरबी समुद्रावर ढगांची पिंजलेली कापसाची रास. पहिले चित्र मी छापून फ्रिजवर लावले. सौ.ने ते पाहिले आणि विचारले, "यात आपली गच्ची कुठे?" तिचा प्रश्न बरोबर होता. मला तरी दुसरे काय पाहायचे होते?

तिघांत माझा जीव पंधरा क्रमांकावर. एक तर त्याची वेळ सकाळी चहाच्या आधीची. शिवाय तो सर्वांत म्हातारा; मे 1998मध्ये उडालेला. त्याच्या फिरत्या आरशाची मोटर मधूनच अडखळे, मग चित्राच्या चिंध्या होत. दोन-चार दिवसांनी गडी पुन्हा कामावर हजर. अठरा क्रमांकाचा जून 2025मध्ये गेला, तेव्हा मला वाईट वाटले. पण सदा कण्हणारी माणसेच शतक गाठतात, या हिशेबाने पंधराला मी अमर धरून चाललो होतो.

18 आणि 19 ऑगस्टला पावसाने मुंबई-ठाण्याची दैना केली. एवढा पाऊस वरून कसा दिसतो, ते पाहण्याची मला कोण उत्सुकता! वीस तारखेला जरा उघडीप मिळताच मी गच्चीवर गेलो. लॅपटॉप भिजेल म्हणून खालीच ठेवला, आणि हातात मावेल असा रिसीव्हर तेवढा नळ्यांना जोडला. वेळ झाली. खरखर. वेळ उलटली. खरखर. सूर आला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वायर तपासली, जोड पुसले, दोष कुठेच नव्हता. मग एकच भाग तपासायचा उरला. लॅपटॉप वर नेला असता, तर त्याच्या पडद्यावर सिग्नलची रेघ दिसली असती किंवा नसती, आणि पाच मिनिटांत निकाल लागला असता. म्हणूनच मी तो नेला नाही. रेघ दिसली आणि सूर ऐकू आला नाही, तर? चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या लाइनी तपासल्या. स्वत:ची तपासायची वेळ आली तेव्हा माझे हात गळाले.

त्या चार दिवसांत मी दुसऱ्या नादाकडे वळलो. अर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अर्थसी' मालिका. तिचे पहिले पुस्तक 1968चे. गेड नावाचा शेळ्या राखणारा पोर मोठा जादूगार होतो. वस्तूचे खरे नाव कळले, की तिच्यावर सत्ता चालते, ही त्या जगाची रीत. तिसऱ्या पुस्तकात जगाला पडलेले भगदाड बुजवताना त्याची सारी शक्ती खर्ची पडते. आणि चौथ्यात, 1990च्या 'तेहानू'त, तो घरी येतो तो नुसता माणूस म्हणून. पहिल्या वाचनात मी हे पुस्तक रागाने मिटले होते. एवढा पराक्रमी पुरुष, आणि राजाची माणसे भेटायला आली तर शरमेने तोंड लपवतो, डोंगरावर जाऊन पुन्हा शेळ्या राखतो! लेखिकेने त्याचा घात केला, असे माझे मत होते. आता मात्र मी ते पान तीनदा वाचले. मीही कुणी विचारू नये म्हणून पहाटे गच्चीवर जात होतो.

चोवीस तारखेला भाच्याचा निरोप आला: "मामा, कळलं का? पंधरा नंबर गेला. 19 ऑगस्टला अमेरिकेने बंदच केला. एकोणीस नंबरचा त्याआधीच, तेराला."

माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला लाज वाटते. मी टाळी वाजवली. कान शाबूत! सत्तावीस वर्षे आजारपण अंगावर काढून कामावर येणारा तो म्हातारा कायमचा गप्प झाला होता, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन सौ.ला पेढा मागत होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग त्या चार दिवसांत तुम्हाला का वाटलं, की कान गेला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, आणि ते चंद्रावर बसून शीळ घालत होते. मी तिला शिळेची गोष्ट सांगितली.

"अहो, कुकरची शिटी ऐकू येत नाही तुम्हाला," ती म्हणाली, "चंद्रावरची कुठून येणार?"

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. खालच्या सुरांत रेघ ठीक होती, आणि वरच्या सुरांकडे ती घाट उतरावा तशी उतरत गेली होती. असले आलेख मी केबलींचे शेकड्यांनी पाहिले आहेत. समजावून सांगायची गरज पडली नाही. दोन्ही कानांत आता यंत्रे आहेत. पहिले दोन दिवस वर्तमानपत्राची घडी मोडली, तरी पत्रा फाटल्यासारखे वाटे.

गच्चीवरच्या नळ्या अजून आहेत. रशियाचे 'मेटेऑर' उपग्रह त्याच पट्ट्यात चित्रे पाठवतात. अधिक रेखीव, हवी तर रंगीतसुद्धा. पण त्यांचे सारे अंकांच्या भाषेत. ऐकायला जावे तर नुसता सळसळाट, तीक्ष्ण कानाला आणि माझ्या कानाला सारखाच. म्हणून वायर खाली खोलीत आणली आहे. चित्र आपोआप उतरते, मी चहा पितो.

यंत्रे बसवल्याच्या तिसऱ्या रात्री मात्र मी गेम लावला. यान त्या चंद्रापाशी नेले, उपकरण रोखले आणि बसून राहिलो. मग भाच्याला फोन केला.

"तुझी ती शीळ ऐकली रे," मी म्हणालो. "छान आहे. पण सुरेख म्हणण्याइतकी नाही."

पलीकडे तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "मामा, मग तेव्हा 'वा' कशाला म्हणालात?"